केवलादेव : भिंतीपलीकडच्या पाण्यावर जगणारे उद्यान

केवलादेव राष्ट्रीय उद्यान राजस्थानच्या पूर्व टोकाला, भरतपूर शहराला अगदी लागून आहे. आग्र्याहून जयपूरकडे निघाले की फत्तेपूर सिक्री मागे पडते न पडते तोच भरतपूर येते. आग्र्यापासूनचे अंतर जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मुंबईकराला वाट वाकडी करावी लागत नाही, कारण रतलाम, कोटा, सवाई माधोपूर करत दिल्लीला जाणारा रेल्वेमार्ग भरतपुरावरूनच मथुरेला पोहोचतो. उद्यानाचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पाव हिश्शापेक्षा थोडे जास्त. एवढ्याशा जागेत सुमारे ३७० जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे. भरतपूरचे लोक त्याला नुसते 'घना' म्हणतात.

महामार्गावरच्या मुख्य दरवाजातून एक डांबरी रस्ता सरळ आत जातो. पर्यटकांच्या मोटारी शांतिकुटीरच्या नाक्यापाशी थांबतात. तिथून पुढे पायी, भाड्याच्या सायकलवर किंवा रिक्षात बसून जायचे. सायकलरिक्षा चालवणाऱ्यांना वनखात्याने वर्षानुवर्षे पक्ष्यांची ओळख शिकवली आहे. त्यांत आसपासच्या वस्तीतले शीख बरेच आहेत. कोणत्या बाभळीच्या ढोलीत घुबड बसते, कोणत्या वळणावर रातवा दिवसाचा झोपलेला असतो, हे त्यांना ठाऊक असते. पहिल्यांदा येणाऱ्याने अशा जाणत्या रिक्षावाल्याबरोबरच फिरावे. एकट्याने फिरणाऱ्याच्या नजरेतून निम्मे सुटते.

सुरुवातीचा टापू कोरडा आहे. बाभूळ, बोर, पिलू, केर अशी काटेरी झुडपे, मधूनच कळंबाची मोठी झाडे, आणि त्यांच्या सावलीला नीलगाई, चितळ, कोल्हे. सपन मोरीचा चौक आला की चित्र बदलते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी लागते ते केवलादेवाच्या मंदिरापर्यंत सुटत नाही. हे पाणी एकसलग तळ्याचे नाही. मातीच्या बांधांनी त्याचे कप्पे पाडले आहेत, बांधांना दारे आहेत, आणि प्रत्येक कप्प्यात किती पाणी सोडायचे, कधी अडवायचे, हे माणसाच्या हातात आहे. खोली बहुतेक ठिकाणी एक-दोन मीटरच्या आतच राहते. म्हणूनच करकोच्याला पाय टेकता येतात आणि बदकाला तळातले खाद्य मिळते. पाण्यात मातीचे उंचवटे करून त्यांवर बाभळी वाढवल्या आहेत. भोवती पाणी असल्यामुळे जमिनीवरचे शिकारी प्राणी त्या झाडांपर्यंत सहज पोहोचत नाहीत.

पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टपासून, या बाभळींवर जागा उरत नाही. एकाच झाडावर चित्रबलाक, मुग्धबलाक, बगळे, पाणकावळे, तिरंदाज, कुदळ्या आणि चमचे अशा अनेक जातींची घरटी असतात, आणि जो तो आपापल्या उंचीची फांदी धरून असतो. पिलांच्या ओरडण्याने रस्त्यावर उभ्या माणसांचे आपसातले बोलणे ऐकू येत नाही. हा सगळा व्याप माशांवर चालतो. नदीच्या पुराबरोबर माशांची असंख्य पिले उद्यानात शिरतात, उथळ, कोमट पाण्यात झपाट्याने वाढतात, आणि त्याच सुमाराला घरट्यांतल्या चोची वासतात. पाणी वेळेवर आले नाही तर मासे नाहीत, आणि मासे नाहीत तर चित्रबलाक घरटेच करत नाही.

ऑक्टोबरपासून पाहुणे उतरू लागतात: तलवार बदके, थापट्या, चक्रांग, कलहंस, आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब. कायमच्या रहिवाशांत सारसाच्या जोड्या, कमळपानांवरून चालणारे कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या आहेत. थंडी वाढली की अजगर उन्हाला बाहेर येतात. त्यांची बिळे बहुधा साळिंदरांनी खणलेली असतात आणि कित्येकदा दोघेही एकाच बिळात राहतात. मार्चनंतर पाणी आटत जाते. उरलेल्या डबक्यांत मासे कोंडले की तिथे पक्ष्यांची झुंबड उडते, आणि मे-जूनमध्ये उद्यानाचा मोठा भाग कोरडे माळरान होतो. हा कोरडा काळही गरजेचा आहे, कारण तळाची माती तापते, साचलेला गाळ-कचरा कुजून जातो आणि पुढच्या पाण्याला सकस जमीन मिळते.

हे पाणथळ निसर्गाने जसेच्या तसे दिलेले नाही. इथे मुळात एक खोलगट भाग होता आणि गंभीर व बाणगंगा या नद्यांच्या पुराने भरतपूरला दरवर्षी वेढा पडे. अठराव्या शतकात महाराजा सूरजमलने अजान बंधारा घातला. शहर पुरापासून वाचले, शेतीला पाणी मिळाले आणि खोलगट भाग पावसाळ्यात भरू लागला. मराठी वाचकाला सूरजमल परका नाही. १७५४ मध्ये इथून जवळच असलेल्या कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले आणि अहिल्याबाईंना वैधव्य आले. त्याच कुंभेर-डीगच्या मुलखात १७६१ साली पानिपतावरून जीव वाचवून आलेल्या मराठ्यांना सूरजमलने अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. जखमी समशेरबहाद्दराने प्राण सोडला तोही इथेच.

बंधारा शेतीसाठी होता. शिकारीचे तळे नंतर झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भरतपूर संस्थानाने या खोलगट भागात कालवे, बांध आणि दारे घालून बदकांच्या शिकारीसाठी राखीव क्षेत्र तयार केले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या उपस्थितीत पहिली मोठी शिकार झाली. केवलादेव मंदिराजवळ या शिकारींची यादी दगडावर कोरलेली आहे: तारीख, प्रमुख पाहुणा, बंदुकांची संख्या, मारलेल्या पक्ष्यांची संख्या. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिन्लिथगोच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. बहुतेक पर्यटक या दगडांसमोर क्षणभर थांबून पुढे जातात. खरे तर ते सावकाश वाचले पाहिजेत, कारण त्या शिकारीसाठी घातलेले बांध आणि दारेच आज पक्ष्यांना जगवत आहेत.

स्वातंत्र्यानंतर हे तळे कोरडे करून जमीन शेतीला द्यावी, अशी मागणी जोर धरू लागली. भुकेल्या देशात ती अवाजवी म्हणता येत नव्हती. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सालिम अली यांनी जवाहरलाल नेहरूंपर्यंत हा विषय नेला आणि पाणथळ वाचले. १९५६ मध्ये ते पक्षी अभयारण्य झाले. शिकारीचा हक्क महाराजांकडे १९७२ पर्यंत होताच, पण मोठी शिकार १९६४ नंतर झाली नाही. सोसायटीने इथे पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर केले. बिहारच्या परंपरागत मीरशिकारींचे हात त्या कामी आले. पूर्वी पोटासाठी पक्षी पकडणारे हे लोक पिसालाही धक्का न लावता त्यांना जाळ्यात घेत. ऑक्टोबर १९८१ मध्ये ओरिसातील चिल्का सरोवराबरोबर केवलादेव पाणथळांविषयीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या यादीत गेले. भारतातली ती पहिली दोन नावे. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा, असे दर्जे लागोपाठ मिळत गेले.

त्याच १९८२ साली या उद्यानाच्या इतिहासातला सर्वांत कडू प्रसंग घडला. उद्यानाभोवती सुमारे दोन मीटर उंचीची दगडी भिंत नुकतीच उभी राहिली होती. भोवतालच्या गावांतली हजारो गुरे, मुख्यतः म्हशी, पिढ्यान्‌पिढ्या घन्यात चरत आली होती. राष्ट्रीय उद्यानात चराई चालत नाही, हा कायदा. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये चराई एकदम बंद झाली. पर्यायी चाऱ्याची सोय नव्हती. गावकरी जमले, संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी मारले गेले. पक्ष्यांच्या रक्षणासाठी माणसे मेली, आणि ज्या समजुतीवर हे सगळे घडले ती समजूत चुकीची निघाली.

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९८० ते १९९० अशी दहा वर्षे केवलादेवच्या पाणथळाचा अभ्यास केला. व्ही. एस. विजयन त्याचे प्रमुख होते. अभ्यास सुरू झाला तेव्हा गुरे पाणथळाची हानी करतात, असेच बहुतेकांना वाटत होते. चराई थांबल्यावर दिसले ते उलटेच. पाण्यात वाढणारे पास्पॅलम नावाचे गवत म्हशी खात, तुडवत आणि त्यामुळे ते आटोक्यात राही. म्हशी गेल्या आणि हे गवत पाण्यावर गालिच्यासारखे पसरले. मोकळे पाणी घटले, बदकांना उतरायला जागा राहिली नाही, गवत कुजून तळ उथळ होऊ लागला, माशांनाही अडचण झाली. ज्या कंदांसाठी सायबेरियन क्रौंच येत, ते गवताच्या जाळ्याखाली गेले. वनखात्याला मग गवत काढायला माणसे आणि यंत्रे लावावी लागली. म्हशी हेच काम फुकट करत होत्या. मर्यादित संख्येने म्हशी पुन्हा येऊ द्याव्यात, असे अभ्यासाने सुचवले. कायद्याने ते होणे नव्हते. पुढे गावकऱ्यांना परवान्याने गवत कापून नेण्याची मुभा मिळाली, ती काही अंशी उपयोगी पडली. ४ जुलै १९९० रोजी केवलादेव रामसरच्या माँत्रो नोंदवहीत, म्हणजे धोक्यातल्या पाणथळांच्या यादीत, गेले. पाण्याची टंचाई आणि चराईचा बिघडलेला समतोल ही तिथे दिलेली कारणे आहेत. चिल्काही पुढे त्या यादीत गेले आणि २००२ मध्ये सुधारून बाहेर आले. केवलादेवचे नाव अजून तिथेच आहे.

विजयन यांच्या अभ्यासाचे मोल केवळ एका गवतापुरते नाही. शतकानुशतके माणसाने वापरलेल्या, घडवलेल्या जागेतून माणूस वजा केला म्हणजे ती जंगल होते, असे मानणे ही कागदावरची कल्पना आहे. केवलादेवात ती दहा वर्षांच्या मोजमापांनी खोटी ठरली. ज्यांची गुरे तिथे चरत होती त्यांना आधी विचारले असते तर कदाचित दहा वर्षेही लागली नसती.

सायबेरियन क्रौंचाची गोष्ट वेगळी आहे, तिच्यातला दोष भरतपूरचा एकट्याचा नाही. पांढराशुभ्र, लाल चेहऱ्याचा हा पक्षी पश्चिम सायबेरियात ओब नदीच्या खोऱ्यात वीण करी आणि कझाकस्तान, अफगाणिस्तान ओलांडून, पाच हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून भरतपूरला येई. भारतात नियमित येण्याचे त्याचे हे शेवटचे ठिकाण होते. १९६०च्या दशकात इथे दोनशेच्या आसपास क्रौंच मोजले गेले. १९८०च्या दशकात ती संख्या चाळिशीवर आली आणि नव्वदीत हाताच्या बोटांवर. वाटेतली शिकार, अफगाणिस्तानातली लढाई, सुकत चाललेली विश्रांतीची तळी, या सगळ्यांनी मिळून हा थवा संपवला. पिंजऱ्यात वाढवलेली पिले इथे सोडून जंगली क्रौंचांबरोबर त्यांना परत पाठवण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. शेवटची जोडी २००१-०२ च्या हिवाळ्यात दिसली. त्यानंतर केवलादेवात सायबेरियन क्रौंच आलेला नाही. ज्या पक्ष्यासाठी हे उद्यान जगभर ओळखले गेले, तोच आता इथे फक्त चित्रांत आणि फलकांवर उरला आहे.

गिधाडांचा संहार प्रथम ध्यानात आला तोही याच उद्यानात. पक्षीसंशोधक विभू प्रकाश इथल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी मोजत होते. १९८७-८८ मध्ये त्यांच्या ३५३ जोड्या घरटी करत होत्या. १९९६-९७ मध्ये १५०, १९९८-९९ मध्ये अवघ्या २०. माना टाकून फांद्यांवर बसलेली आणि मग खाली कोसळलेली गिधाडे त्यांनी नोंदवली. कारण कळायला २००४ उजाडले. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या ढोरांच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडांत पोहोचत होते. २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गिधाडे घरटी करत होती ती झाडे उद्यानात सुरक्षित उभी होती. गिधाडे मरत होती ती आसपासच्या खेड्यांतल्या ढोरांमुळे.

उद्यानाचा खरा पेच मात्र पाण्याचा आहे, आणि तो समजायला भिंतीबाहेर पडून अजान बंधाऱ्याकडे जावे लागते. पक्षी पाहायला आलेले फार थोडे लोक तिकडे जातात. पाणथळ नीट भरायला वर्षाला सुमारे ५५ कोटी घनफूट, आपल्याकडच्या भाषेत अर्ध्या टीएमसीहून किंचित जास्त पाणी लागते. ही खडकवासला धरणाच्या साठ्याची सुमारे चौथाई. गंभीर नदी हे पाणी पावसाळ्यात सहज आणून देई आणि अजान बंधाऱ्यातून ते कालव्याने उद्यानात शिरे. बाणगंगेचे पाणी वरच्या भागातल्या धरणांनी आधीच अडले होते. मग करौली जिल्ह्यात गंभीरवर पांचना धरण झाले. या शतकाच्या सुरुवातीला ते पूर्ण भरू लागल्यावर खाली येणारे पाणी थांबले. करौलीच्या शेतकऱ्यांचे म्हणणे, आमच्या भागातले पाणी आधी आम्हाला. त्यांच्याही शेतांना पाणी लागतेच. ज्या धरणाचे पाणी त्यांच्याच काही गावांना मिळत नाही, ते पक्ष्यांसाठी खाली सोडले तर त्यांनी काय मानावे? हा प्रश्न राजकारणाचा झाला आणि पक्ष्यांना मत नसते. २००७ मध्ये उद्यानात पाणी जवळजवळ आलेच नाही. बाभळींवर घरटी झाली नाहीत आणि तळ्यांत गुरांच्या खुरांचे ठसे उमटतील अशी कोरडी जमीन उरली. जागतिक वारशाचा दर्जा जातो की काय, अशी चर्चा सुरू झाली आणि युनेस्कोचे पथक पाहणी करून गेले.

तेव्हा तोडगा निघाला तो दुसऱ्या दिशेने. मथुरेकडून येणाऱ्या गोवर्धन नाल्यातले पुराचे पाणी वाहिनीतून उद्यानात आणण्याची योजना २०१२ च्या सुमारास पुरी झाली. तिच्याकडून अपेक्षा ३५ कोटी घनफुटांची. चंबळेवरून भरतपूरला येणाऱ्या पिण्याच्या पाण्याच्या योजनेतूनही थोडा वाटा मिळू लागला. यामुळे उद्यान तगले, हे निश्चित. पण नाल्याचे पाणी म्हणजे गंभीरचे पाणी नव्हे. नदीच्या पुराबरोबर माशांची पिले, पाणवनस्पतींची बीजे, खोऱ्यातला पोषक गाळ येई; पंप आणि वाहिनीतून ते सगळे त्या प्रमाणात येत नाही. शिवाय नाला वस्त्या आणि शेतांतून येतो, त्यात सांडपाणी मिसळलेले असते. पाण्याचे आकडे पूर्ण झाले तरी उद्यानाची गरज पूर्ण झाली असे होत नाही, हे इथले कर्मचारी आणि संशोधक सांगत आले आहेत. पांचनाचे दार दर पावसाळ्यात ठरावीक वेळी उघडणे, एवढाच या प्रश्नाचा खरा उलगडा आहे. त्यासाठी करौलीच्या शेतकऱ्याला भरवशाचे पाणी मिळाले पाहिजे. तो उपाशी राहून चित्रबलाकाला पाणी देणार नाही.

पाणी कमी झाल्याचा आणखी एक परिणाम कोरड्या टापूत दिसतो. वेड्या बाभळीने, म्हणजे प्रोसोपिस जुलिफ्लोराने, मोकळी माळराने आणि आटलेल्या तळ्यांच्या कडा झपाट्याने व्यापल्या. ही झाडे काढायला वनखात्याने भोवतालच्या गावांतल्या समित्यांना बरोबर घेतले. गावकऱ्यांनी झाडे मुळासकट उपटायची आणि लाकूड त्यांनीच न्यायचे, असा व्यवहार ठरला. उद्यानाचा मोठा भाग यामुळे मोकळा झाला. गावकऱ्यांना सरपण आणि पैसा मिळाला. १९८२ मध्ये ज्या गावांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच पंचक्रोशीतल्या माणसांनी हे काम केले, आणि ते खात्याच्या यंत्रांनी झाले असते त्यापेक्षा चांगले केले. झाड पुन्हा फुटते, त्यामुळे हे काम एकदा करून संपणारे नाही.

केवलादेवाला जायचे तर घरटी पाहण्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबर आणि स्थलांतरित पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दाट धुके असते. त्या वेळी घाई न करता नऊनंतर आत शिरावे. दोन दिवस ठेवले तर एक सकाळ सपन मोरी ते मंदिर या मुख्य रस्त्यासाठी आणि दुसरी बांधांवरच्या आडवाटांसाठी मिळते. तिसरा अर्धा दिवस मिळाला तर तो अजान बंधाऱ्यासाठी. दरवाजाजवळ सालिम अलींच्या नावाचे माहिती केंद्र आहे, तिथे आधी अर्धा तास घालवलेला बरा. निघण्यापूर्वी त्या वर्षी पाणी किती आले आहे, याची चौकशी अवश्य करावी. पाऊस भरतपुरात किती पडला यापेक्षा करौलीत किती पडला आणि पांचनातून किती सुटले, यावर उत्तर अवलंबून असते.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे झालेले ते पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. तिथेही पाणी धरणांतून सुटते, कालव्यांत जाते, शेतीसाठी वाटले जाते, आणि पक्ष्यांच्या वाट्याला येते ते या वाटपातून उरलेले. उपमा म्हणून भरतपूरचे नाव घेताना त्याचा जमाखर्चही बरोबर घ्यावा लागेल. वरच्या धरणांतून किती पाणी कोणत्या महिन्यात सोडायचे याचा लेखी करार, आणि काठावरच्या शेतकऱ्यांशी व मच्छीमारांशी आधीच ठरवलेला व्यवहार, या दोन गोष्टी भरतपूरला फार उशिरा आणि अर्ध्यामुर्ध्याच मिळाल्या.